नॉर्मलच्या कागदावरचा डाग

ऐंशीच्या दशकातली एक दुपार. सर निवृत्त होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी त्यांच्या नागपूरच्या धरमपेठेतल्या घरी गेले, तर स्वारी कूलरसमोर बसलेली, एका हातात भिंग आणि मांडीवर परदेशी मासिक. मला बसा म्हणणं राहिलं बाजूला, "आधी हे बघा" म्हणून मासिक थेट माझ्या नाकाशी धरलं. पानावर माणसाच्या मेंदूचं चित्र होतं, लाल-पिवळं-निळं. तिकडे म्हणे माणसाला एक सुई टोचतात, मग यंत्रात झोपवतात, आणि मेंदूत कुठलं रसायन कुठे जाऊन बसलंय त्याचा फोटोच निघतो. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचा, जिवंत माणसाचा, डोक्याला चीर न देता.

"कमाल आहे की नाही? आपण बाटल्या हुंगत बसलो आणि हे लोक थेट डोक्यात डोकावतायत!" लहान पोराला जत्रेत नेल्यावर त्याचा चेहरा होतो ना, तसा सरांचा झाला होता. स्वतःचा डाव हुकला म्हणून एक आठीसुद्धा कपाळावर नाही. मग पुन्हा भिंग लावलं, चित्राखालचा मजकूर वाचला, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "सगळं लिहिलंय हो. पण ह्या माणसानं आधी खाल्लं काय होतं, ते कुठे लिहिलंय?"

आम्ही दोघंही असे हसलो की सरांच्या पत्नी, आमच्या काकू, हातातलं वाटण टाकून बाहेर आल्या. त्यांनाही हसू आलं. त्या हसण्यामागे काय होतं ते सांगायला मला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जावं लागेल. तेव्हा मात्र मी हसत नव्हते.

आमचं गाव काटोलच्या पलीकडे, नरखेडच्या वाटेवर. संत्र्याची बाग, थोडा कापूस, विहिरीवर इंजिन. दादा माझ्याहून मोठा. काय डोकं होतं त्याचं! मला बीजगणित त्यानंच शिकवलं, मातीत काडीनं आकडे काढून. नागपूरला कॉलेजात शिकत होता, आणि तिसऱ्या वर्षाला एकाएकी घरी निघून आला. विहिरीवरचं इंजिन आपलं नाव घेऊन शिव्या देतं म्हणायला लागला. इंजिन चालू झालं की कानात बोटं घालून तुरीच्या वावरात जाऊन बसायचा.

बाबा म्हणाले, "सोंग करून राहिला. कॉलेजात जाऊन कामाचा कंटाळा आला याले." बाबा वाईट माणूस नव्हते, पण त्यांना जे दिसत नाही ते त्यांच्यासाठी नसायचं. हाड मोडलेलं दिसतं, ताप हाताला लागतो. दादाचं काय दिसत होतं? दोन हात, दोन पाय, धडधाकट जवान पोरगा. गावानंही तेच म्हटलं. मग अंगारे झाले, धुपारे झाले, झाडाच्या फोकानं मारणारा एक मांत्रिकही झाला. त्याचं नाव काढलं तरी आजही माझं डोकं फिरतं. शेवटी आईनं जेवण सोडलं, तेव्हा कुठे दादा नागपूरला सरांच्या वॉर्डात आला.

सर मूळचे इकडचे नव्हते, पुण्याकडचे. दवाखान्यात मानसिक आजारांचा वॉर्ड त्यांच्याकडे होता. वॉर्डातल्या प्रत्येकाला ते अहो-जाहो करत. अंगावरचे कपडे फाडणाऱ्या माणसालाही "तुम्हाला थंडी वाजत नाही का हो?" असं विचारत. आमच्याकडे बापही पोराला 'तू' म्हणतो नि पोरगाही बापाला 'तू' म्हणतो, तिथे ह्या अहो-जाहोची आधी सगळ्यांना गंमत वाटायची. पण दादा मला म्हणाला होता, "वं, हा डॉक्टर मले माणूस समजते." तेवढ्यावर मी ठरवलं, काम करायचं तर ह्यांच्याकडे. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, अर्ज टाकला आणि सरांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले.

एक गोष्ट मात्र मी तिथे कुणाला सांगितली नाही. वॉर्डात येऊन-जाऊन असणारा तो अमका पेशंट माझा सख्खा भाऊ आहे, हे. आमचं आडनाव तिकडे पोत्यानं सापडतं, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. प्रयोगशाळा एका इमारतीत, वॉर्ड दुसऱ्या. दादाला भेटायला मी रविवारी जायची, तेव्हा प्रयोगशाळेला कुलूप असायचं. लाज नव्हती ती. भीती होती. दादाला जे झालं ते मलाही होणार का, हा प्रश्न मी पाठीवर घेऊनच फिरत होते आणि तो दुसऱ्या कुणी मोठ्यानं विचारू नये एवढंच मला हवं होतं.

आता प्रयोगशाळेतलं काम. मेंदूचे फोटो बिटो तेव्हा कुठले! डोक्याचा साधा एक्स-रे काढला तर कवटी दिसायची, आतलं काही नाही. पण सरांचा विचार सरळ होता: ह्या आजारात मेंदूतली रसायनं बिघडत असतील तर बिघडलेल्याचं काही ना काही शरीराबाहेर पडत असणार. मग ते लघवीत शोधा. परदेशी मासिकांत त्या वेळी अशा शोधाचा बराच गाजावाजा होता. कुणाला कागदावर गुलाबी डाग दिसला होता, कुणाला दिसला नव्हता, भांडणं चालली होती.

आम्हीही तेच करत होतो. दिवसभराची लघवी मोठ्या बाटलीत जमवायची, ती आटवून-गाळून तिचा एक थेंब जाड गाळणकागदावर ठेवायचा, आणि तो कागद काचेच्या टाकीत एका रासायनिक द्रावणात टांगायचा. द्रावण कागदातून सरकताना थेंबातली रसायनं एकमेकांपासून वेगळी होत जातात. दुसऱ्या दिवशी कागद वाळवून फवारा मारला की जिथे जे रसायन थांबलं तिथे त्याचा डाग उठतो. वासाचं विचारू नका. घरी गेल्यावर केसांनाही तो वास यायचा आणि माझी घरमालकीण नाकाला पदर लावून दार उघडायची.

आणि डाग उठत होता! आमच्या वॉर्डातल्या बऱ्याच रुग्णांच्या कागदावर एका ठरावीक जागी गुलाबीसर डाग यायचा. नॉर्मल लोकांच्या, म्हणजे नर्सा, विद्यार्थी, कारकून यांच्या कागदावर ती जागा कोरी. सरांनी हुरळून न जाता सगळ्या शंका काढल्या. गोळ्यांमुळे येत असेल का? तर गोळी सुरू व्हायच्या आधीच्या नव्या रुग्णांचे कागद केले. डाग होता. खाण्यामुळे? तर प्रत्येक रुग्णाला आणि त्याच्या नातेवाइकांना बसवून काय खाल्लं ते विचारलं. भाकर, पोळी, तुरीचं वरण, वांग्याची भाजी. तेच नॉर्मल लोकही खात होते. कोणता कागद कुणाचा हे सरांना स्वतःलाही आधी कळू नये म्हणून बाटल्यांवर नुसते नंबर असायचे, आणि नंबर कुणाचा ते फक्त आमच्या टेक्निशियनला ठाऊक. एवढं करूनही डाग येतच राहिला. मुंबईच्या परिषदेत सरांनी तो मांडायचा, असं ठरलं.

दादाच्या कागदावर तर डाग असा ठळक की लांबून दिसावा. सरांनी तो कागद वॉर्डात नेऊन त्याला दाखवला. असं कुठला डॉक्टर करतो? "तुमच्या सहकार्यानं हे निघालं, तुम्ही बघायला नको का?" म्हणाले. दादानं तो कागद खूप वेळ हातात धरला. आणि पुढच्या भेटीच्या दिवशी बाबा आले तेव्हा सरांकडून तो पुन्हा मागून घेतला, बाबांसमोर धरला.

"पाहा बाबा. हे आहे माह्यात. सोंग नाही करत मी."

बाबांनी कागद पाहिला. डाग दिसत होता. बाबांना जे दिसतं ते खरं. तिथल्या तिथे त्या माणसाचा चेहरा पडला, आणि त्या दिवसानंतर 'सोंग' हा शब्द त्यांच्या तोंडून गेला तो गेलाच. माफी मागणं आमच्याकडच्या बापांना येत नाही. पण दर आठवड्याला ते स्वतः एस.टी.नं यायला लागले, डोक्यावर संत्र्याचं पोतं घेऊन. आधी यायची ती गळीची, झाडाखाली पडलेली, बाजारात न चालणारी. आता यायची ती निवडक, झाडावरून हातानं तोडलेली. गोळ्यांनी वॉर्डातल्या लोकांच्या तोंडाला कोरड पडायची, त्यामुळे दादासकट सगळे दिवसभर फोडी चोखत बसलेले असायचे. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं बरं का! आणि बायोकेमिस्ट्रीची पदवी घेतलेल्या बाईसाहेबांच्या डोक्यात ढिम्म काही आलं नाही.

तो फेब्रुवारी होता. नॉर्मल लोकांची एक बाटली कमी पडत होती. टेक्निशियन मोठा थट्टेखोर माणूस, मला म्हणाला, "मॅडम, तुम्हीच देऊन टाका की. का, भाव खाऊन राहिल्या?" मी आजवर काही ना काही निमित्त काढून टाळलं होतं. त्या दिवशी नाही म्हटलं असतं तर उलट डोळ्यावर आलं असतं. दिली.

दोन दिवसांनी कागद वाळले, फवारा मारला, सर एकेक नंबर वाचत गेले. डाग आहे, नाही, आहे, नाही. मग टेक्निशियननं कुणाचा कोणता ते सांगायला सुरुवात केली, आणि एका डागवाल्या कागदापाशी थांबून ओरडलाच, "अरे बाप रे! हा तर नॉर्मल आहे! हा तर मॅडमचा आहे!" खोलीत हशा पिकला. "मॅडम, वॉर्डात खाट टाकून ठेवू का तुमच्यासाठी?" मीही हसले. हसता हसता टेबलाची कड घट्ट धरून ठेवली.

संध्याकाळी खोलीवर आले. नळाला पाणी यायची वेळ होती. नळ आधी हवा सोडतो, फुरफुरतो, मग गुरगुरतो. मी त्याच्यासमोर बादली न लावता उभी राहिले आणि ऐकत राहिले, तो माझं नाव घेतो का म्हणून. खोटं कशाला सांगू, मला ते ऐकूही आल्यासारखं वाटलं. असं वाटायला लागलं म्हणजे झालंच की सुरू, असं मनात आलं आणि मी तिथेच ओल्या फरशीवर बसून रडले.

दुसऱ्या दिवशी सरांनी खोलीत बोलावलं. मला वाटलं आता विचारणार, घरी कुणाला आहे का. त्यांनी तसलं काही विचारलं नाही. म्हणाले, "परिषद जवळ आलीय, पण हा कागद समजल्याशिवाय मी तिथे तोंड उघडणार नाही. उद्यापासून रोज बाटली द्या, आणि रोज सकाळी मला काय काय खाल्लं ते तोंडी सांगा. काहीही वगळू नका."

मी रोज सांगत गेले. सकाळी पोहे. दुपारी पोळी, पालकाची भाजी. रात्री खिचडी. रोज कागद टांगला जायचा, आणि रोज डाग. एकदाही चुकला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. माझं वजन उतरलं. टेक्निशियनची थट्टाही बंद झाली, आणि ते मला जास्त लागलं. तो मला चहाचा कप हळूच समोर ठेवायला लागला होता, वॉर्डातल्यांना ठेवतात तसा.

मग एका संध्याकाळी सरांनी काही कागदपत्रं घेऊन घरी बोलावलं. काकू पुण्याच्या, शिस्तीच्या. पाहुणा आला की बशीत फळ कापून. त्यांनी दोन संत्री सोलून, शिरा काढून, फोडी फुलासारख्या मांडून बशी माझ्यासमोर ठेवली. मी म्हटलं, "नको काकू, खरंच नको. घरून पोतं आलंय, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. सकाळपासून आठ-दहा झालीत माझी."

सरांचा चहाचा कप तोंडापर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला.

"आठ-दहा काय?"

"संत्री, सर."

"आज?"

"रोजच. बहार आहे ना. स्वयंपाकाचा कंटाळा आला की मग..."

"अहो," सर उठून उभे राहिले, "पण आज सकाळी तुम्ही मला म्हणालात, फक्त पोहे खाल्ले!"

"पोहेच खाल्ले की."

"आणि संत्री?"

आता काय सांगू? मला खरंच कळेना हा माणूस काय विचारतोय. संत्रं काय खाण्यात मोजतात? काटोल-नरखेडकडे बहारात बागेतून जाताना हात वर केला की संत्रं हातात येतं. तहान लागली की संत्रं, बोलत बसलं की संत्रं. काय खाल्लं असं विचारलं तर आमच्याकडचा माणूस भाकर सांगेल, भाजी सांगेल. संत्रं सांगणं म्हणजे श्वास किती घेतले ते सांगण्यासारखं. हे मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. तेव्हा ते मटकन खाली बसले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे वॉर्डातल्या नातेवाइकांना मी विचारलं तेव्हाही..."

"कुणी सांगितलं नसेल, सर. कोण सांगेल? नर्सा-कारकून विकत घेऊन एखाद-दुसरं खातात, पण वॉर्डात पोती येतात, नवा आलेलाही त्यातलीच खात बसतो."

काकू बशी हातात घेऊन आमच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी तीच बशी हळूच सरांपुढे सरकवली. सरांनी एक फोड उचलली, दिव्यासमोर धरून पाहिली आणि खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सरांनी बाजारातून टोपलीभर संत्री आणली आणि खायला सुरुवात केली. स्वतः. पन्नाशी उलटलेला माणूस, पित्ताचा त्रास, पण सकाळ-दुपार-संध्याकाळ संत्री. टेक्निशियननंही खाल्ली, दोन विद्यार्थ्यांना खाऊ घातली. मला मात्र बंदी. मी पोतं घरमालकिणीला देऊन टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा ती नाकाला पदर न लावता माझ्याशी बोलली.

कागद वाळले. सरांनी स्वतःच्या हातानं फवारा मारला. सरांच्या कागदावर डाग! टेक्निशियनच्या कागदावर डाग! दोन्ही पोरांच्या कागदावर डाग. माझा कागद कोरा.

माझा जीव भांड्यात पडला. आणि सर? ज्या माणसाची इतक्या वर्षांची मेहनत समोर पाण्यात गेली होती, तो माणूस स्वतःचा कागद झेंड्यासारखा वर धरून हसत होता. "बघा, मी पण! टाका माझी खाट!" आजही ते आठवलं की मला वाटतं, आपण मोठ्या माणसाजवळ बसलो होतो. लोक म्हणतात नवं शोधून काढणारा मोठा. मी त्या दिवशी आपलाच शोध हसत हसत मोडणारा पाहिला.

ते सगळे बाहेर गेल्यावर सर मला म्हणाले, "तुमचा भाऊ आपल्याकडे आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमच्या वडिलांनीच सांगितलं होतं." ते पुढे म्हणाले, "तुमच्या कागदावर डाग आला तेव्हा मनात एक विचार येऊन गेला. रुग्णाच्या सख्ख्या बहिणीतही डाग, म्हणजे हे घराण्यातून येतं. माझा शोध केवढा मोठा झाला असता! मुंबईत लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण विचार फार गोड लागला, म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवला नाही."

"म्हणजे मला काही नाही ना, सर?" मी विचारलंच.

त्यांनी चष्मा काढला. "डागाचा तुमच्याशी आणि आजाराशी काही संबंध नाही, एवढंच मी सांगू शकतो. पुढचं मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. खोटा धीर मी तुम्हाला देणार नाही."

विचित्र वाटेल, पण त्या 'माहीत नाही'नं मला जितकं हलकं वाटलं तितकं कुणाच्या 'काही नाही हो'नं वाटलं नसतं. त्यांनी मुंबईला निबंध मागे घेत असल्याचं कळवून टाकलं, कारणासकट. मग वॉर्डातल्यांची संत्री काही दिवस थांबवली आणि पुन्हा बाटल्या घेतल्या. एकेकाच्या कागदावरून डाग नाहीसा झाला. दादाच्याही.

आणि इथे माझा आनंद संपला. माझ्या कागदावरचा डाग खोटा, म्हणजे दादाच्याही कागदावरचा खोटा. मी सुटले होते, आणि ज्या एका गोष्टीवर बोट ठेवून तो बापाला 'हे पाहा' म्हणू शकला होता ती गेली होती. त्याला हे सांगायचं कुणी? मी सरांना म्हटलं, राहू द्या ना सर, कशाला सांगायचं, त्याला काय फरक पडतो. सर म्हणाले, "फरक त्यांनाच पडतो. दाखवला मी होता. सांगायलाही मीच जाणार."

गेले. मी मागून गेले. टेक्निशियन बाटल्या गोळा करायला तिथे आलेलाच होता. सर दादाच्या खाटेवर, त्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "माझी चूक झाली. तो डाग आजाराचा नव्हता. संत्र्यांचा होता."

दादाचे हात गोळ्यांमुळे थरथरायचे, ते त्यानं मांडीखाली दाबून धरले. मग म्हणाला, "मंग मी सोंगच करतो काय, डॉक्टरसाहेब?"

"नाही," सर म्हणाले. "तुमचा आजार खरा आहे. मी चुकीच्या जागी शोधला. तो सापडला नाही, हा माझा दोष आहे, तुमचा नाही. तुमच्या वडिलांनाही मी हेच सांगणार आहे, ह्याच शब्दांत."

"पक्कं कसं समजलं तुमाले? संत्र्याचं?"

"आमच्याकडच्या नॉर्मल माणसांच्या कागदावरही तो यायला लागला. माझ्या आला. आणि पहिल्यांदा..." सर थांबले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझं नाव ते घेणार नव्हते, मला ते कळलं.

टेक्निशियन दोन हात अंतरावर उभा होता. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक ऐकत होते. मी पुढे झाले आणि म्हटलं, "पहिल्यांदा माझ्या आला, दादा."

टेक्निशियनच्या हातातल्या बाटल्या एकमेकींवर वाजल्या. दादानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ह्या आजारात म्हणे माणसाच्या भावना सुकून जातात, दुसऱ्याच्या मनाचं त्याला काही राहत नाही, असं मी पुस्तकांत वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि गुणही मिळवले होते.

"तुह्या कागदावर आला होता?"

"हो."

"मंग तू लय भेली असशीन वं."

एवढे दिवस झाले होते. सगळ्यांनी माझी थट्टा केली होती, कीव केली होती, सरांनी माझ्यासाठी अख्खी परिषद सोडली होती. पण घाबरलीस का, हे मला कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मी पुसलंही नाही.

"लय भेली होती, दादा."

"माह्यासारखी होशीन म्हणून?"

वॉर्डात सगळे ऐकत होते. सर ऐकत होते. "हो," मी म्हटलं.

त्याला वाईट वाटलं नाही. त्यानं मान डोलावली. "भेवासारखंच आहे ते," तो म्हणाला. "मी बी भेतो. रोज." आणि तो खाटेवर थोडा सरकला, मला बसायला जागा केली.